पाहणाऱ्याने लिहायचं नाही

एकोणीस वर्षं मी एका माणसाकडे पाठ करून बसले. भांडण वगैरे काही नव्हतं, कामच तसं होतं. ते बघायचे आणि आकडा सांगायचे, मी भिंतीकडे तोंड करून तो वहीत लिहायची. त्यांचा चेहरा मला फार तर डब्याच्या सुट्टीत दिसे. आवाज मात्र असा पाठ झाला होता, की त्यांनी नुसतं "बेचाळीस" म्हटलं तरी आज सर्दी आहे का घरी काही बिनसलंय, हे मला कळायचं.

सगळे त्यांना दुर्बीणमास्तर म्हणत. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. पण चूक दिसली की मान किंचित वाकडी करून गप्प उभं राहायची त्यांची एक तऱ्हा होती. ते बघून कुणाला तरी शाळेतले मास्तर आठवले असतील, आणि नाव चिकटलं ते चिकटलं.

आमच्या खोलीच्या मधोमध कपाटाएवढी एक गरम पेटी होती. तिच्या आत जाड पोलादाचं एक उभं भांडं, आणि त्या भांड्याला पुढून-मागून बोटभर रुंदीची जाड काच. हीच ती खिडकी. आत तीन गोष्टी कोंडलेल्या असत: खोल विहिरीतून आणलेलं खनिज तेल, त्याच विहिरीचं खारं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड वायू. मागून दिवा लावायचा, पुढे उभ्या पट्टीवर वरखाली सरकणारी दुर्बीण. एक मोठं चाक फिरवलं की आतला दाब वाढे. मग भांडं या कुशीवरून त्या कुशीवर करत बराच वेळ हलवायचं, उभं करायचं आणि सगळं निवळेपर्यंत वाट बघायची. निवळलं की एकावर एक थर दिसत. दोन थर जिथे भेटतात तिथे एक रेघ. त्या रेघांची उंची मास्तर सांगत.

हे कशासाठी, तर जमिनीखाली खडकाच्या बारीक छिद्रांत तेल आणि पाणी अडकून बसलेलं असतं. ते वर येईनासं झालं की हा वायू दाबून खाली सोडतात. तो तेलात शिरतो, तेल पातळ होतं आणि पुढे सरकतं. वायूही बराचसा खालीच राहतो. पण कितव्या दाबाला तो कुठे किती जाईल, हे आधी कळायला हवं. खडकाच्या पोटात कोण डोकावणार? म्हणून भांड्यात डोकावायचं, आणि त्या आकड्यांवर हिशेबाचा प्रोग्रॅम बसवायचा. प्रोग्रॅमचं काम एक तरुण बाई करायची. तिला आम्ही गणितबाई म्हणत असू.

मी नोकरीला लागले त्या दिवशी मास्तरांनी मला एकच प्रश्न विचारला.

"तुम्हाला यातलं काय कळतं?"

मी म्हटलं, "काहीच नाही."

"फार छान. तिकडे तोंड करून बसा."

मला वाटलं, थट्टा करतायत. पण टेबल खरंच भिंतीला लावलेलं होतं. मग त्यांनी नियम सांगितला: पाहणाऱ्याने लिहायचं नाही आणि लिहिणाऱ्याने पाहायचं नाही. हा नियम वरून आला नव्हता, त्यांनीच केलेला होता. सुरुवातीला ते एकटेच बघत आणि एकटेच लिहीत. एकदा आठवडाभराचे आकडे इतके गुळगुळीत आले की त्यांनाच संशय आला. नीट पाहिलं तेव्हा कळलं, दोन दिवस त्यांनी रेघ बघितलीच नव्हती. डोळा दुर्बिणीला लावला होता आणि हाताने कालचाच आकडा लिहिला होता. "हाताला सवय लागली की डोळा पेंगायला लागतो," ते म्हणाले. "तुम्ही बघितलंत, तर मी चुकीचं सांगितलं तरी तुम्ही मनानं दुरुस्त कराल. मला दुरुस्ती नको. मी बोलीन तसं लिहा, चूक असली तरी चूकच लिहा."

आणि आणखी एक. वर्णन नको. सुंदर दिसतंय, गढूळ दिसतंय, असं काही नाही. आकडा, बस.

सकाळी वही उघडताना मी देवाचं नाव घेऊन कपाळाला लावायची. मास्तरांनी ते कधी पाहिलं असेल असं वाटत नाही, कारण त्या वेळी ते दिव्याची काच पुसत असत. त्यांची भक्ती ती काच.

वहिनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, अधूनमधून भेटत. त्यांची तक्रार ठरलेली. "अहो, यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवायची सोय नाही. उजेडात धरतील, हलवतील, परत धरतील. मी म्हणते, पिताय का परीक्षा घेताय? तेलाची बाटली तर मी यांच्या हातीच देत नाही. तळाशी गाळ किती, बघत बसतात आणि फोडणी करपते."

मास्तर शांतपणे म्हणत, "दोन मिलिमीटर होता."

मी भिंतीकडे तोंड करून बसत असले तरी कुतूहलाला कोण पाठ करणार? डब्याच्या सुट्टीत मी विचारत राही. तिघांना एका भांड्यात कोंडलं, एवढा दाब दिला, तरी ते एक का होत नाहीत?

"सांगतो," एकदा मास्तर म्हणाले. "तेल आणि पाणी या दोन जावा समजा. एका घरात राहतात, पण एकमेकींचं तोंड बघत नाहीत. आणि वायू म्हणजे धाकटा दीर. दोघींकडे जातो. थोरलीकडे, म्हणजे तेलाकडे, पोटभर जेवतो. पाण्याकडे नुसता चहा घेतो."

"पाण्याकडेही जातो?"

"सोड्याची बाटली बघितलीय ना? तो हाच. थोडा का होईना, जातोच. पूर्वी हिशेब करणारे पाण्याला धरतच नसत. म्हणत, ते आपलं कोपऱ्यात बसलंय. आणि मग विचारायचे, वायू कमी कसा भरला? अरे, तो चहाला गेला होता!"

"आणि दाब वाढवला की?"

"दीर जास्त जेवतो. दोन्हीकडे. दाब म्हणजे बाहेरचा पाऊस समजा. जितका जोरात, तितका माणूस घरात."

त्यांच्या सगळ्या उदाहरणांत हे मला आवडलं. घरी जाऊन मी माझ्या धाकट्या दिराकडे जरा निरखून बघितलं. ते म्हणाले, "काय झालं वहिनी?" मी म्हटलं, "काही नाही, विरघळताय का बघते."

एकोणीस वर्षांत एका विशिष्ट विहिरीचं तेल आमच्याकडे तीन वेळा आलं. खरं तर बाटली एकच, त्यातलं थोडं थोडं तीनदा वापरलं. पहिल्यांदा वापरलं त्या दिवशी मास्तरांचा आवाज अडखळला. पेटी अडतीस अंशांवर होती. त्यांनी खालून सुरुवात केली. "पाणी आणि तेल, एकशे बारा. तेल आणि वायू, एकशे..." आणि गप्प. मी पेन टेकवून बसलेली. मागे पट्टीवर दुर्बीण सरकल्याचा आवाज आला. खाली गेली, परत वर आली.

"ताई, लिहा. तेलाच्या वर एक रेघ. तिच्या वर आणखी एक रेघ."

"म्हणजे थर चार?"

"प्रश्न विचारू नका. रेघा तीन. लिहा."

थर तीनच असायला हवे होते: खाली पाणी, मध्ये तेल, वर वायू. दुपारी मी विचारलं, हा चौथा कोण? मास्तर पोळीचा घास हातात धरून बसले होते. डोळे असे, जणू कुणी त्यांना भेट दिलीय. म्हणाले, "दिरानं वेगळी चूल मांडलीय, ताई. वायू वरही आहे आणि तेलावर पातळ होऊन बसलाही आहे. तेलातलं हलकं हलकं तेवढं ओढून घेतलंय आणि स्वतःचा द्रव केलाय. वाचलं होतं मी असं. पाहिलं नव्हतं."

गणितबाईचा प्रोग्रॅम मात्र म्हणत होता, थर तीन. ती वही घेऊन आली. हुशार मुलगी, उगाच वाद घालणारी नव्हती. म्हणाली, "काका, बाकी सगळे आकडे माझ्या रेषेवर बसतात. हे तीनच बाहेर पडतात. चौऱ्याहत्तर, शहात्तर आणि अठ्ठ्याहत्तर बार दाबाचे."

"मग रेषा हलव."

"काका, रेषा म्हणजे काय टेबल आहे का?"

दोघंही हसले, पण प्रश्न राहिलाच. पुढच्या वर्षी त्याच बाटलीतलं तेल घेऊन पुन्हा केलं. पुन्हा चार. या वर्षी तिसऱ्यांदा केलं. पुन्हा चार. कॅमेराही लावून बघितला. जाड काच, काळं तेल आणि मागचा दिवा यांत एक धुरकट पट्टा आला. ज्याला तीन हवे होते त्याला तीन दिसले, ज्याला चार हवे होते त्याला चार.

आणि त्याच सुमारास कार्यालयाची वर्षाची तपासणी झाली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मास्तरांच्या कागदावर लिहिलं: मोतीबिंदू, दोन्ही डोळे, उजवा जास्त. या प्रकारात सगळं पिवळसर दिसतं, कधीकधी एका रेघेच्या दोन दिसतात.

साहेबांनी बोलावलं. आम्ही तिघं गेलो. साहेब चांगला माणूस, खुर्ची पुढे ओढून बसले.

"मास्तर, राग मानू नका. पण हा चौथा थर भांड्यात आहे की डोळ्यात, हे मी कसं ठरवू?"

"राग कशाचा, साहेब? मलाही तेच कळत नाहीये."

मग साहेबांनी जे सांगितलं ते असं. महिनाअखेर या विहिरीची फाइल पुढे जाणार. तिथले लोक त्यावरून ठरवणार, वायू कितव्या दाबाने सोडायचा. चौथा थर खरा असेल तर सगळा हिशेब बदलतो. खोटा असेल, तर फाइलमध्ये प्रोग्रॅमचे तीन थर जाणार आणि मास्तरांनी गेल्या दोन वर्षांत घेतलेल्या सगळ्या नोंदी बाजूला काढाव्या लागणार, फक्त या विहिरीच्याच असं नाही. कारण डोळे तेच.

ती एकेचाळीस पानं होती. माझ्या अक्षरात.

शस्त्रक्रियेची तारीख पुढच्या महिन्याची. बाटलीत तेल उरलेलं एका वेळेपुरतं. आणि त्या विहिरीतून तसं तेल आता मिळणार नव्हतं, कारण मधल्या काळात तेल ढकलायला तिथे पाणी सोडलं होतं आणि मूळचं तेल बदललं होतं.

"मी बघते," गणितबाई म्हणाली.

मास्तरांनी मान वाकडी केली. "तुला उत्तर काय हवंय ते ठाऊक आहे. साहेबांनाही. ज्याला हवं असतं त्याला दिसतं."

"मग ताई?"

"त्यांना माझे आकडे पाठ आहेत. चौऱ्याहत्तर म्हटलं की त्यांना चार दिसतील."

हे खरं होतं. मला नुसती वहीची पानं डोळ्यांसमोर आणता येत. पण गणितबाईने विचार केला आणि म्हणाली, "काका, तुमचाच नियम आपण उलटा लावू. दाबाचा काटा झाकू. चाक मी फिरवीन, मी खिडकीत बघणार नाही. अडुसष्टपासून चौऱ्याऐंशीपर्यंत दोन-दोनच्या टप्प्याने नऊ दाब. नऊ चिठ्ठ्या करू, निघेल त्या क्रमाने. ताईंना कळणारच नाही कुठला दाब आहे. आणि लिहाल तुम्ही, भिंतीकडे तोंड करून."

मास्तर तिच्याकडे वळले. मग म्हणाले, "तू माझ्या हाताखाली असायला हवी होतीस."

"मग मलाही भिंतीकडे बसवलं असतं तुम्ही."

आदल्या दिवशी संध्याकाळी वहिनी माझ्या दारात. आत या म्हटलं तर उंबऱ्यातच उभ्या. "ताई, मला यातलं काही समजत नाही. पण हा माणूस पंधरा दिवस जेवणात लक्ष देत नाहीये. परवा मला म्हणतो, तुझ्या केसांत खरंच इतकं पिवळं आहे का माझ्या डोळ्यात आहे? आयुष्यभर जे पाहिलं ते खरं की खोटं, असं वाटतंय त्यांना. एक रेघ जास्त बघितलीत तर कुठलं आभाळ कोसळणार आहे?"

मी म्हटलं, "वहिनी, चहा घ्या."

"चहा नको. 'हो' म्हणा."

मला 'हो'ही म्हणता आलं नाही आणि 'नाही'ही. त्या गेल्या. जिना उतरताना त्यांच्या चपलांचा आवाज मी शेवटच्या पायरीपर्यंत ऐकला.

सकाळी देवापुढे हात जोडले. "चार दिसू देत" हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. एखाद्याचं भलं मागताना आपण देवाकडे खोटं तर मागत नाही ना, हे कसं ओळखायचं? शेवटी एवढंच म्हटलं, जे असेल ते मला दिसू दे, आणि जे दिसेल ते बोलायची बुद्धी दे.

आठ वाजता खोलीत गेले तर मास्तर माझ्या खुर्चीवर बसलेले, भिंतीकडे तोंड करून. टेबल त्यांना बुटकं पडत होतं, गुडघे आपटत होते. पेन तीनदा तपासून झालेलं. मला पाहून म्हणाले, "ताई, एक विनंती आहे. आज माझ्यासाठी काही करू नका."

वहिनी आल्या होत्या हे त्यांना ठाऊक होतं की नाही, मला आजही माहीत नाही.

पहिली चिठ्ठी निघाली. गणितबाईने चाक फिरवलं, भांडं हलवलं, उभं केलं. अर्धा तास निवळू दिलं. मग ती म्हणाली, "तयार." मी दुर्बिणीला डोळा लावला, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

मला माझी पापणी दिसली, दुसरं काही नाही. घाबरले. डोळा मागेपुढे केला, आणि मग एकदम दिसलं. खाली स्वच्छ पाणी. त्याच्यावर काळंभोर तेल. त्याच्यावर काहीच नाही, म्हणजे नुसता उजेड, तोच वायू. इतकी वर्षं जे माझ्यासाठी एकशे बारा आणि एकशे त्रेसष्ट होतं ते असं होतं होय! मला बोलायचं भानच राहिलं नाही.

"ताई," भिंतीकडून आवाज आला. "वर्णन नको."

"रेघा दोन," मी म्हटलं. "एकशे दहा. एकशे साठ."

पेन कागदावर घासलं. तो आवाज मी आजवर स्वतःच्या हाताखाली ऐकला होता, तो आता पाठीमागून आला.

दुसऱ्या चिठ्ठीलाही रेघा दोनच. पण वरचा थर आता उजेडासारखा नव्हता, मधासारखा होता. मी तोंड उघडलं आणि मिटलं. वर्णन नको. "रेघा दोन." मला कळेना, हे काय आहे? मघाशी वर काचेसारखं होतं, आता मधासारखं, पण थर तितकेच. समजा नऊही वेळा दोनच रेघा दिसल्या तर? वहिनींना काय सांगू? मास्तर तसेच पेन धरून बसलेले. मान वहीवर. पाठीकडून माणूस किती म्हातारा दिसतो, हे त्यांना माझ्याबद्दल एकोणीस वर्षं दिसत असेल.

तिसरी चिठ्ठी. "तयार."

पाणी. तेल. तेलावर मधाची एक पट्टी, करंगळीच्या नखाएवढी. आणि तिच्यावर काचेसारखा उजेड. दोघंही होते. दोघांच्या मध्ये एक रेघ, इतकी बारीक, पण आरशाच्या कडेसारखी चमकणारी. मी डोळा काढला, पदराने पुसला, परत लावला. डोकं डावीकडे केलं, उजवीकडे केलं. रेघ तिथेच.

"रेघा तीन," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "एकशे नऊ. एकशे एकोणसाठ. एकशे सदुसष्ट."

पेन लगेच वाजलं नाही. मग वाजलं.

त्यानंतर दोन, दोन. मग सहाव्या चिठ्ठीला असं काही दिसलं की काही ठरवता येईना. रेघ आहे म्हणावं तर वितळतेय, नाही म्हणावं तर तिथे काहीतरी आहे. 'रेघा तीन' म्हणण्याचा मोह झाला, खोटं नाही सांगत. वहिनींचा उंबऱ्यातला चेहरा समोर आला. मी विचारलं, "कळत नाही, असं म्हटलं तर चालेल का?"

भिंतीकडून उत्तर आलं, "प्रश्न विचारू नका. जे असेल ते सांगा."

"कळत नाही."

त्यांनी लिहिलं.

साडेतीनला संपलं. साहेब आले. गणितबाईने चिठ्ठ्या क्रमाने मांडल्या आणि मास्तरांची वही शेजारी ठेवली. अडुसष्ट, सत्तर, बाहत्तर: तीन थर. चौऱ्याहत्तर, शहात्तर, अठ्ठ्याहत्तर: चार. ऐंशी: कळत नाही. ब्याऐंशी, चौऱ्याऐंशी: परत तीन.

चौथा थर भांड्यात होता.

गणितबाई एकदम खाली बसली. "म्हणजे आधी नुसता वायू, मग दोघं, मग वायू संपून नुसता तो नवा द्रव. माझा प्रोग्रॅम म्हणत होता, एकच माणूस हळूहळू जाड होत गेला. प्रत्यक्षात माणसं दोन होती!" ती तशीच उठून तिच्या खोलीत गेली.

साहेबांनी मास्तरांचा हात हातात घेतला. पण मास्तर वहीकडे बघत होते, मान वाकडी.

"ताई, तिसऱ्या वेळचं पान काढा."

मला काढावं लागलं नाही. "तुम्ही ऐंशीला आणि ब्याऐंशीला चार सांगितले होते," मी म्हटलं. "पहिल्या वर्षी चार थर अठ्ठ्याहत्तरपर्यंतच होते. दुसऱ्या वर्षी ऐंशीपर्यंत. या वर्षी ब्याऐंशीपर्यंत." आणि बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं. तेल तेच, पेटी तीच, तरी चौथा थर दर वर्षी दोन बार वर सरकत होता. सरकत होता तो मोतीबिंदू. एका रेघेच्या दोन दिसत होत्या, आणि दर वर्षी थोड्या जास्त. आम्ही दोघांनी मिळून त्यांच्या डोळ्याचा आजार वहीत नोंदवून ठेवला होता, तारीखवार.

मला वाटलं, त्यांना लागेल. पण माझ्यासमोर तेच, पोळीचा घास हातात धरून बसले होते त्या दुपारचे डोळे. "म्हणजे डॉक्टरांच्या आधी तुम्हालाच कळायला हवं होतं की ताई!" ते म्हणाले आणि खदखदून हसले. मग पेन मागितलं. यंदाच्या पानावर ऐंशी आणि ब्याऐंशीवर, गेल्या वर्षीच्या पानावर ऐंशीवर एकेक आडवी रेघ मारली. खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी सही केली. साहेब म्हणाले, "मास्तर, घाई काय आहे?" ते म्हणाले, "घाई नाही साहेब. चूक दिसली आहे तोवर खोडतो."

साहेबांनी ठरवलं, फाइलमध्ये चार थर जातील. मास्तरांच्या बाकीच्या नोंदींपैकी दर पाचवी मी आणि गणितबाईने याच रीतीने तपासायची, जुळतील त्या पानांवर खूण करायची. पुढच्या आठवड्यांत बहुतेक सगळ्या जुळल्या. जिथे रेघ स्वच्छ होती तिथे मास्तरांचा डोळा स्वच्छ होता. जिथे मुळात धूसर होतं तिथेच तो फसला होता.

चौथ्या दिवशी गणितबाई डब्याच्या सुट्टीत धावत आली. "काका, निघाला! मी प्रोग्रॅमला नेहमी तीनवरून सुरुवात करायला लावत होते. तीन सापडले की तो थांबायचा, आणखी कुणी आहे का हे बघायचाच नाही. परवा मी आधीच सांगून टाकलं, वेगळी चूल असू शकेल, शोध. चार आले! त्र्याहत्तर ते एकोणऐंशी."

"म्हणजे तो खोटं बोलत नव्हता," मास्तर म्हणाले. "त्याला विचारलंच नव्हतं."

संध्याकाळी मी वाट वाकडी करून वहिनींकडे गेले. त्यांनी दार उघडलं. मी म्हटलं, "थर खरा आहे. तीन नोंदी चुकल्या होत्या, त्या त्यांनीच खोडल्या." त्या दाराला धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि तुम्ही?" मी म्हटलं, "एकदा कळत नाही म्हणाले." वहिनींनी माझा दंड धरला आणि आत ओढलं. "या. त्या दिवशीचा चहा राहिलाय."

शस्त्रक्रिया झाली, दोन्ही डोळ्यांची. दीड महिन्याने मास्तर कामावर आले ते पायऱ्या मोजत, प्रत्येक गोष्टीकडे बघत. माझ्या साडीकडे बघून म्हणाले, "ही निळी आहे होय? मी इतके दिवस हिरवी समजत होतो." दिव्याची काच त्यांनी तीनदा पुसली. पण भांडं धुऊन कोरडं झालं होतं. बाटली रिकामी होती. त्या विहिरीचा चौथा थर आता कुठेच नव्हता, खाली खडकात असेल तेवढाच. स्वच्छ डोळ्याने तो त्यांना पुन्हा दिसणार नव्हता.

ते दुर्बिणीपाशी गेले नाहीत. माझ्या टेबलाशी आले, शेजारची खुर्ची ओढून भिंतीकडे तोंड करून बसले.

"ताई, त्या दिवशी शहात्तरला काय दिसलं होतं?"

"रेघा तीन. एकशे नऊ, एकशे एकोणसाठ..."

"ते वहीत आहे," ते म्हणाले. "रंग सांगा."

मी पेन खाली ठेवलं आणि सांगायला सुरुवात केली.